लावायचं लाकूड

आमचे हे शाळेत चित्रकला शिकवायचे आणि घरी लाकडं गोळा करायचे. लग्न ठरवताना मला यातलं पहिलंच सांगितलं होतं.

सत्तरच्या दशकाची मधली वर्षं असतील. भिवंडीत कामतघरला चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. मागे यंत्रमागाचा कारखाना, त्याचा खडखडाट दिवसरात्र चालू. दोन माणसांना बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे. माझा आवाज मुळातच मोठा, त्यामुळे माहेरी नाशिकला ज्या गोष्टीसाठी बोलणी खाल्ली तीच इथे कामाला आली. भिवंडी मला पहिल्या आठवड्यातच मानवली.

लाकडं मात्र मानवली नाहीत. कारखान्यातून टाकून दिलेले धोटे, म्हणजे मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावतात ते टोकदार लाकडी तुकडे, आमच्या घरी पोत्याने यायचे. सुताच्या पेट्यांच्या फळ्या यायच्या. कुठल्या तरी दुकानाची फुटकी पाटी आली होती, तिच्यावर नुसतं ‘ळे आणि कं’ एवढंच उरलं होतं. सिनेमाच्या जाहिरातीची एक रंगवलेली फळी होती, तिच्यावर नटीचा एक डोळा आणि अर्धं नाक. ती कॉटखाली असायची. केर काढायला वाकलं की ती बाई माझ्याकडे एका डोळ्याने बघायची.

ह्या सगळ्याचं हे काही तरी जोडायचे. सकाळी शाळेआधी जोडायचं, संध्याकाळी बघायचं, मान हलवायची आणि सगळं सुटं करायचं. मी विचारायची, “अहो, हे काय आहे?”

“शिल्प.”

“ते कळलं. पण कशाचं?”

“कशाचं नाही. कशासारखंच नाही ते.”

कशासारखंच नाही म्हणजे काय, हे मला कळेना. आणि जे कळत नाही ते सोडून देण्याचा माझा स्वभाव नाही. मी रोज विचारत राहिले. ते रोज तेच उत्तर देत राहिले. मुंबईला कला महाविद्यालयात शिकले होते, तिथे म्हणे चांगलं नाव होतं. पण तिथून बाहेर पडल्यापासून त्यांनी एकही काम पुरं केलं नव्हतं. जे जोडलं ते सोडवलं. लोक कापूस पिंजतात तसे हे लाकूड पिंजायचे.

एका हिवाळ्यात त्यांचा कॉलेजातला मित्र घरी आला. मुंबईत तो पाडव्यानंतर एक प्रदर्शन भरवणार होता. चहा पिता पिता म्हणाला, “तुझं एक काम दे. एकच. पण पुरं झालेलं.” हे हो म्हणाले. मित्र गेल्यावर पोत्यावर बसून राहिले आणि मला म्हणाले, “हेही झालं नाही ना, तर मी हत्यारं सुताराला देऊन टाकीन. मग तुझं घर मोकळं.”

एरवी मी टोमणा मारला असता. त्या दिवशी नाही मारला, कारण ते खरंच देऊन टाकतील हे मला दिसत होतं.

खोलीत जागा पुरेना, म्हणून त्यांनी नाक्यावरची मोकळी जागा बघितली. तिच्या मागे कारखान्याची लांबलचक भिंत होती. जागा आमच्या चाळीच्या मालकीणबाईंची. ही आगरी म्हातारी. चाळ उभी आहे तिथे एके काळी तिच्या सासऱ्याची भातशेती होती. सगळे तिला आई म्हणायचे. ह्यांनी तिला विचारलं, इथे एक वासा पुरून काही लाकडं लावू का. ती म्हणाली, “लाव ना, मास्तर. रस्ता तेवरा मोकला ठेव.”

एका रविवारी ह्यांनी तिथे खड्डा खणला आणि एक सरळसोट वासा उभा केला. तो रविवार म्हणजे नेमकी माघी पौर्णिमा होती. ते ह्यांच्या ध्यानात नव्हतं आणि माझ्याही नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी वाशाला एक बाकाचा पाय टेकलेला दिसला. मग एक मोडक्या पाळण्याची दांडी आली. मग जात्याचा खुंटा, खुर्चीची पाठ, एक बिनदाताची फणी. रोज सकाळी काही ना काही येऊन पडलेलं असे. हे हरखून गेले. “बघ,” म्हणाले, “तू विचारत बसतेस. लोकांना कळतंय.”

मला काही ते पटेना. आमच्या चाळीतल्या लोकांना एवढं कळतं आणि मला एकटीलाच कळत नाही, हे शक्यच नव्हतं. नळावर मी शेजारणीला विचारलं, तू काल ते पाटाचं फळकुट का नेऊन टाकलंस? ती हंडा खाली ठेवत म्हणाली, “टाकणार न्हाय तं काय? होलीला दिला. मास्तरांनी यंदा दांडा अगदी टायमावर रोवला हो. दर वर्षी पोरं उशीर करतात.”

मी हंडा तिथेच सोडून हसत सुटले. माघी पौर्णिमेला होळीचा दांडा रोवतात, आणि मग महिनाभर जो तो घरातलं जुनं लाकूड आणून त्याच्याभोवती रचतो. आमच्या ह्यांनी पौर्णिमेच्या दिवशी भर नाक्यावर वासा पुरला होता. कोणाला काय वाटणार?

घरी येताना मात्र हसू ओसरलं. हे ऐकून ते पार खचतील असं वाटलं. जेवणं होईपर्यंत मी गप्प राहिले, मग हळूच सांगितलं. त्यांनी ताटात हात धुतला. मग म्हणाले, “म्हणजे अजून आणतील?”

“होळीपर्यंत आणतीलच की.”

“मग आणू दे.”

“आणि होळीला जाळतील त्याचं काय?”

“तेव्हाचं तेव्हा बघू,” म्हणाले. अवघड प्रश्न आला की हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

पुढे जे घडलं त्याची मला अजून गंमत वाटते. एका दुपारी ह्यांनी त्यातला बाकाचा पाय उपसला, दुसरीकडे लावायला. पोरांनी एकच गलका केला. आई आपल्या ओट्यावरून म्हणाली, “मास्तर, होलीला दिलेलं लाकूड काढायचं न्हाय. लावायचं तं लाव.” ह्यांनी तो पाय मुकाट्याने होता तिथे ठेवला. त्या दिवसापासून काढायची सोयच राहिली नाही. सोडवणं बंद. जे आलं ते आलं, आता त्याच्यापुढे काय लावायचं तेवढंच बघायचं. ज्या माणसाने एक काम धड पुरं केलं नव्हतं त्याचं काम रोज वीतभर वाढायला लागलं.

त्यांनी धोट्यांची टोकं एकात एक अडकवून वर नेली, पंख्याच्या पात्यांसारखी. एका डोळ्याची नटी मधोमध गेली, कॉटखालची जागा मोकळी झाली. दुपारी उन्हाने त्या सगळ्याची सावली मागच्या भिंतीवर पडे. हे शाळेतून आल्यावर गेरूच्या खड्याने ती सावली गिरवायचे. लाकूड रोज वाढत होतं, सावली बदलत होती, आणि भिंतीवर रेघांवर रेघा चढत होत्या. कारखान्याच्या शेठला भिंतीचं काही वाटत नव्हतं. तिच्यावर पानाच्या पिचकाऱ्या आणि मतं मागणारी निशाणं आधीच होती. शिफ्ट सुटली की कामगार तिथे थांबायचे, कालची रेघ कुठली आणि आजची कुठली यावर पैजा लावायचे. भिंतीवरचं ते जाळंही कशासारखं नव्हतं. पण मी थांबून बघायला लागले होते.

मला दुसरा एक नाद लागला. प्रत्येक लाकडाचं माहेर कुठलं ते विचारायचा. पाळण्याची दांडी कोणाकडची, त्यात कोण कोण झोपलं, खुर्ची कशी मोडली. लोक आनंदाने सांगायचे. टेमघरहून दूध घालायला येणाऱ्या गवळ्याने गोठ्याच्या दाराचा अडसर दिला, त्याच्यावर म्हशीने शिंग घासून घासून खाच पाडली होती. मी ती खाच बोटाने चाचपून बघितली, अगदी गुळगुळीत होती.

समोरच्या चाळीत एक विणकर राहत. उत्तर प्रदेशातून आलेले, पण भिवंडीत इतकी वर्षं काढलेली की मराठी समजायचं सगळं, बोलायचे मात्र हिंदीत. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला चाची. एका दुपारी चाचा खांद्यावर एक दाराची चौकट घेऊन आले. जड, सागाची. एक बाजू धड होती, दुसरी जळून कोळसा झालेली. त्यांनी ती ह्यांच्यापुढे उभी केली.

“मास्टरजी, ये भी लगा दो.”

ह्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. मी सवयीने विचारलं, “चाचा, कहाँ की है?”

“घर की,” ते म्हणाले, आणि ड्युटीवर निघून गेले.

पुढचं मी विचारलं नाही. मी भिवंडीत आले ती सत्तर सालानंतर, पण त्या वर्षीच्या मे महिन्यातल्या दंगलीत गावात काय झालं हे कोणी न सांगताही कळलेलं असायचं. घरं जळली, माणसं गेली. भिवंडीत जळकी चौकट कुठून आली हे विचारायची गरज नव्हती.

ह्यांनी ती चौकट बरोबर मधे बसवली. वासा मागे पडला, आणि बाकी सगळं, धोटे, फळ्या, पाळण्याची दांडी, अडसर, त्या चौकटीच्या आधाराने उभं राहिलं. तो काळा रंग मधे आला आणि ह्यांचं काम एकदम भरून आलं. मला कळत नसूनही ते दिसलं. त्या संध्याकाळी हे म्हणाले, “झालं. आता काही लावायचं नाही.” लग्न झाल्यापासून मी ते वाक्य पहिल्यांदा ऐकत होते.

आता होळी तोंडावर आली. हे गोरेमोरे. आईला जाऊन सांगा म्हटलं की म्हणत, सांगतो, आणि पाणी प्यायला जात. शेवटी होळीच्या सकाळी मीच पदर खोचला. पुरण शिजत ठेवून नाक्यावर गेले. आई तिथे आधीच आली होती, हळदकुंकवाचं ताट आणि नारळ घेऊन. मी तोंड उघडणार एवढ्यात ती चौकटीपाशी थबकली. काळ्या बाजूवर तिने बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं.

“हा तं जललेला हाय.”

“हो आई, म्हणजे ते असं आहे की...”

“अगो, आगीनं आधीच खाल्लेलं हाय हे. आगीचं उष्टं आगीला देत न्हाय.” तिने वरपासून खालपर्यंत सगळीकडे नजर टाकली. “आणि ह्याला लागलेलं सगलं त्यातच आलं. ही होली न्हाय चालायची.”

तिने पोरांना हाक मारली आणि कोरी लाकडं आणायला पिटाळलं. संध्याकाळी चार हात लांब एक लहानशी होळी पेटली. ह्यांनी तिला नैवेद्य दाखवला. मी घरी येऊन पुरणपोळ्या दुप्पट तुपाने वाढल्या. काम वाचलं होतं, आणि मला इतका आनंद होईल असं मला स्वतःलाच वाटलं नव्हतं.

आठवड्याने मित्र येऊन बघून गेला. भोवती फिरला, भिंतीवरच्या रेघा बघितल्या. जाताना ह्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “जसं आहे तसं आण.” जवळच्या वडपे गावचा एक टेंपोवाला ठरला.

पण होळीला दिलेलं लाकूड असं उचलून न्यायचं कसं? मी आईकडे गेले. ती म्हणाली, “माझं काय? ज्यानी दिलं त्याला इचार. ते हो बोलले तं ने.”

मी दारोदार गेले. कोणी नाही म्हणालं नाही. शेजारीण म्हणाली, “माझा पाट मुंबईला? मी पन अजून गेले न्हाय.” गवळ्याने म्हशीचं नाव लिहायला सांगा म्हणून निरोप दिला. सगळ्यात शेवटी मी चाचांकडे गेले. ते नुकतेच शिफ्टवरून आले होते, चाची भाकऱ्या थापत होती. मी माझ्या मोठ्या आवाजात सगळं सांगितलं. चाचांनी चाचीकडे बघितलं.

“मैंने तो जलाने को दी थी,” ते म्हणाले.

मला आधी समजलंच नाही.

“लगा दो बोला था न मैंने. होली में लगा दो.” ते सावकाश बोलत होते, मला समजावं म्हणून. “इतने साल पीछे रखी थी. फेंकी नहीं जाती थी. अपने हाथ से जलाई भी नहीं जाती थी. सोचा, सबकी लकड़ी के साथ, सबके हाथ से चली जाएगी.”

लगा दो. आमच्या मराठीतही तसंच आहे. फळीही लावतात आणि दिवाही लावतात. ह्यांनी एक ऐकलं, चाचांनी दुसरं सांगितलं होतं. आणि होळीपासून ती चौकट भर नाक्यावर, सगळ्यांच्या मधे, उभी होती. चाची म्हणाली की ते हल्ली कामावर तळ्याच्या बाजूने वळसा घालून जातात. मला वाटलं होतं दुसरा कारखाना धरला असेल.

चाचा म्हणाले, “कोई बात नहीं. बंबई ले जाइए. यहाँ से तो जाएगी.”

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. शेवटी जोर देऊन सांगितलं की चाचा हो म्हणाले आहेत. ह्यांनी विचारलं, “जाळायला दिली होती?” मी म्हटलं, हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपो नाक्यावर येऊन उभा राहिला. हे हातोडी आणि पहार घेऊन गेले. मला वाटलं वासा मोकळा करणार. त्यांनी पहिला घाव चौकटीच्या पाचरीवर घातला.

“अहो, काय करताय?” मी धावले. “तेच काढलंत तर सगळं खाली येईल.”

“माहीत आहे.”

“चाचा हो म्हणालेत ना!”

“हो म्हणालेत. पण मागितलं काय होतं?”

मी खूप बोलले. तेव्हा रागाने डोळ्यांसमोर काही दिसत नव्हतं. वर्षानुवर्षं काही पुरं न करणाऱ्या माणसाने एक गोष्ट पुरी केली होती, आणि तीही आता आपल्या हाताने सोडवत होता. मी हेही म्हटलं की तुम्हाला सवयच आहे. त्यावर ते थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, “ते सोडवायचो कारण मला आवडायचं नाही. हे मला आवडलंय.”

मग मी बाजूला झाले.

चौकट निघाली तसं बाकीचं आधी कलंडलं आणि मग धडाधड खाली आलं. कारखान्याच्या आवाजात ते फारसं ऐकूही आलं नाही. टेंपोवाला बिडी ओढत बघत होता. माल कुठला, त्याने विचारलं. हे म्हणाले, माल नाही. मुंबईला मित्राला कळव, असंही मला सांगितलं, आणि चौकट खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडला. मी मागोमाग गेले, कारण घरी जाऊन बसणं मला जमलं नसतं.

चाचांनी दार उघडलं. मागच्या अंगणात चाचीची पाणी तापवायची चूल होती. ह्यांनी आणि चाचांनी मिळून चौकट कुऱ्हाडीने फोडली, धड बाजू आणि जळकी बाजू. पेटवताना चाचांनी काडी पुढे केली ती ह्यांच्या हातात दिली. जुना साग, आधी धुमसला, मग एकदम धरला. चाची भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभी होती. पाणी उकळलं तेव्हा तिने बादली भरून चाचांच्या न्हाणीत नेऊन ठेवली. ते अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून बाहेर आले. भांड्यात अजून पुष्कळ पाणी होतं. चाची मला म्हणाली, बादली ले आओ, मास्टरजी के हाथ देखो कैसे हुए हैं.

ह्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते, सदऱ्यावर, गालावर कोळसा. मी बादली भरून आमच्या न्हाणीघरात ठेवली. ते आत गेले, कडी लावली. तांब्याचा आवाज येत राहिला. मग तो थांबला, आणि बराच वेळ पुन्हा आलाच नाही. आतून दुसराच आवाज येत होता, दाबून धरलेला.

पाणी गार होईल, असं मी ओरडून सांगणार होते. नाही सांगितलं. टॉवेल घेऊन दाराबाहेर उभी राहिले.